वाचकांचे प्रश्न : युरोपच्या मुली, अमेरिकेची कॉलेजे आणि बास्केटबॉल

गेल्या महिन्यात या सदरात अमेरिकी कॉलेजांच्या महिला बास्केटबॉलविषयी एका प्रश्नाला चार ओळींचे उत्तर दिले होते. त्यात ‘या संघांत युरोपातल्या मुलीही बऱ्याच असतात’ असे एक वाक्य जाता जाता आले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले.

प्रश्न : कनेक्टिकट विद्यापीठाचे सामने पाहताना क्रोएशियाची निका म्यूल आणि हंगेरीची डोर्का युहास ही नावे ऐकली. युरोपातून मुली आणण्याची ही पद्धत अलीकडची आहे की जुनी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण समजता त्यापेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकी कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने मुलींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली, पण युरोपातली खेळाडू त्याच्याही आधी तिथे पोचली होती. डेन्मार्कची इंगे निसेन १९७६ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक या बंदराच्या शहरी, ओल्ड डोमिनियन विद्यापीठात दाखल झाली. सव्वासहा फुटांहून उंच असलेली ही मुलगी आणि तिच्याबरोबर खेळणारी नॅन्सी लीबरमन यांच्या जोरावर त्या विद्यापीठाने १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्या काळी मुलींच्या खेळांचा कारभार एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना पाहत असे, त्यामुळे आजच्या एनसीएएच्या याद्यांत ही अजिंक्यपदे सापडत नाहीत आणि निसेनचे नावही नव्या प्रेक्षकांच्या कानावर पडत नाही.

मला या गोष्टीतला पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. निसेन पुढे फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे राहिली, आणि नव्वदच्या दशकात त्याच विद्यापीठात हंगेरीच्या आंद्रेया नॉजी आणि डालमा इवान्यी या दोन उत्तम पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन संघाची चाल रचणाऱ्या खेळाडू) एकीमागोमाग एक खेळून गेल्या. मायामीतल्या त्या फारशा नावाजलेल्या नसलेल्या विद्यापीठात थेट हंगेरीतून मुली याव्यात याचे नवल वाटायला नको, कारण युरोपातून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी काय जड जाते हे स्वतः भोगलेली बाई तिथे सरावाच्या वेळी बाकावर बसलेली असे. ओल्ड डोमिनियनलाही पुढे पोर्तुगालची तिशा पेनिशेइरो आणि तिची देशभगिनी मेरी आंद्राद या दोघी मिळाल्या. १९९७ मध्ये तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि टेनेसी विद्यापीठाकडून ६८-५९ असा हरला. पेनिशेइरो १९९८ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये गेली, २००५ मध्ये सॅक्रामेंटोकडून अजिंक्यपद मिळवले आणि २०१२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा त्या लीगमध्ये तिच्याइतके असिस्ट (सहकारी खेळाडूला बास्केट करता येईल असे दिलेले पास) कुणाच्याच नावावर नव्हते. एखाद्या गावातला एक मुलगा मुंबईच्या गिरणीत लागला की पाठोपाठ त्याच आळीतली चार मुले त्याच चाळीत उतरत, तशातलाच हा प्रकार आहे.

आपण ज्या कनेक्टिकटचे सामने पाहता तिथे ही वाट सेंट पीटर्सबर्गच्या स्वेतलाना अब्रोसिमोवाने १९९७ मध्ये पाडली. २००० च्या अंतिम सामन्यात टेनेसीला ७१-५२ असे हरवणाऱ्या संघात ती होती, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाकडून तिने कांस्यपदकही मिळवले. कनेक्टिकटच्या संघाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा हे स्वतः इटलीतल्या मोंतेल्ला गावी जन्मलेले आणि सातव्या वर्षी अमेरिकेत आलेले आहेत, ही एक गंमत जाता जाता नोंदवतो.

प्रश्न : स्पेन, फ्रान्स, बेल्जियम या देशांत मुलींच्या बास्केटबॉलचे क्लब उत्तम आहेत असे वाचतो. मग घरचे सोडून या मुली अमेरिकेला का जातात? तिथला खेळ जास्त चांगला असतो का? (एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथेच होतो. खेळ जास्त चांगला असतो म्हणून त्या जातात असे सरसकट म्हणता येणार नाही. सोळा-सतरा वर्षांची गुणी मुलगी स्पेनमध्ये किंवा फ्रान्समध्ये तिशीतल्या कसलेल्या व्यावसायिक बायकांबरोबर सराव करते आणि चुकली की त्यांचे टोमणेही खाते. अमेरिकी कॉलेजात मात्र समोरची प्रत्येक मुलगी साधारण अठरा ते तेवीस वयाची असते. निव्वळ बास्केटबॉल शिकायचे असेल तर पहिली शाळा कमी आहे असे कुणी म्हणणार नाही.

अडचण खेळाची नसून शिक्षणाची आहे. युरोपात खेळ शाळा-कॉलेजांच्या हाती नाही, तो क्लबांच्या हाती आहे. शाळा सुटली की मुलगी क्लबात जाते आणि शाळेला त्याचे सोयरसुतक नसते. अठरावे वर्ष उजाडले की ही दोन दावी दोन दिशांना ओढू लागतात. क्लबचा सराव सकाळी आणि संध्याकाळी, विद्यापीठाची व्याख्यानेही त्याच वेळी, सामने दुसऱ्या शहरात, आणि परीक्षेची तारीख क्लबला विचारून कुणी ठरवत नाही. बायकांच्या बास्केटबॉलमधल्या मिळकतीवर आयुष्यभर निभावेल अशी खात्री मोजक्याच मुलींना असते, त्यामुळे पदवी सोडून देणे परवडत नाही आणि खेळ सोडवत नाही. अमेरिकी विद्यापीठ तिला सांगते की व्याख्यान, सराव, दवाखाना, अभ्यासाची शिकवणी आणि जेवणाचा हॉल हे सारे एकाच आवारात आहे आणि शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा, पुस्तकांचा खर्च आम्ही करतो. आठवड्याला सरावाचे तास वीसच्या वर जाऊ नयेत असा हंगामातला नियमही आहे, जरी प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार त्यात धरले जात नसल्यामुळे प्रत्यक्षातला भार बराच अधिक असतो.

हा पैसा येतो कुठून, तर त्याची मुळे १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्यात आहेत. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेद करता येणार नाही असे त्याने ठरवून दिले. मुलांच्या अमेरिकन फुटबॉलला तिथे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या विभागात ८५ शिष्यवृत्त्या असत आणि त्यांचा तोल मुलींच्या खेळांतून सांभाळावा लागे, म्हणून बास्केटबॉलमध्ये मुलांना तेरा तर मुलींना पंधरा पूर्ण शिष्यवृत्त्या अशी वाटणी अनेक दशके चालली. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या किंवा स्पेनमधल्या ओव्हिएदोच्या मुलीची नॉरफोकमधली खाट थोड्याफार प्रमाणात अमेरिकन फुटबॉलच्या पुण्याईवर उभी होती, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. प्रेक्षकांचा भागही आहेच. आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांचा २०२४ चा अंतिम सामना अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि युरोपातल्या कोणत्याही महिला क्लबाला तेवढा प्रेक्षकवर्ग स्वप्नातही दिसत नाही.

तरीही सर्वोत्तम मुली जातातच असे नाही. बेल्जियमच्या ईपर गावाचे उदाहरण मला नेहमी आठवते. पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक जिथे लढले आणि ज्या गावच्या स्मारक-वेशीवर त्यांची नावे कोरलेली आहेत, तेच हे ईपर. त्या गावची किम मेस्टडाख कोलोराडो स्टेट विद्यापीठात चार वर्षे शिकली आणि खेळली. त्याच गावची तिच्याहून तीन वर्षांनी लहान एमा मेसेमान अमेरिकी कॉलेजाच्या वाटेला गेलीच नाही. युरोपातल्या क्लबांत खेळत राहिली आणि २०१३ मध्ये थेट डब्ल्यूएनबीएत निवडली गेली. २०१९ मध्ये वॉशिंग्टन मिस्टिक्सने अजिंक्यपद मिळवले तेव्हा दोघी एकाच संघात होत्या आणि अंतिम मालिकेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती मेसेमानची.

यात डब्ल्यूएनबीएच्या एका नियमाचाही वाटा आहे. परदेशात वाढलेली आणि अमेरिकी कॉलेजात न गेलेली मुलगी ज्या वर्षी वीस वर्षांची होते त्या वर्षीच निवडीला (लीगचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्या ‘ड्राफ्ट’ला) पात्र ठरते, मात्र कॉलेजात गेलेल्या मुलीला बाविसाव्या वर्षापर्यंत किंवा पदवीपर्यंत थांबावे लागते. फ्रान्सची डोमिनिक मलोंगा २०२५ च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर गेली ती याच सवलतीमुळे, तर बर्लिनमध्ये वाढलेली सातू साबाली २०२० मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर निवडली गेली ती ओरेगन विद्यापीठात तीन हंगाम खेळून. क्रमांक दोघींचा सारखाच, पण एकीने तो विसाव्या वर्षी गाठला आणि दुसरीने बाविसाव्या.

आणि काही मुली जाऊन परतही येतात. स्पेनच्या आंखेला साल्वादोरेसने २०१४ च्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध एकटीने ४० गुण केले होते. सामना स्पेनने ७७-७५ असा दोन गुणांनी गमावला. पुढे ड्यूक विद्यापीठाने तिला नेले, पण एका हंगामानंतर तिने स्पेनमध्ये व्यावसायिक खेळण्याचा निर्णय घेतला. याला अपयश म्हणणे मला पटत नाही. तिच्यापाशी घरी भक्कम पर्याय होता आणि तिने तो निवडला.

प्रश्न : माझ्या मुलीच्या विद्यापीठातल्या संघात एक स्पॅनिश मुलगी आहे. बाकीच्या मुली जाहिराती करून पैसे मिळवतात, ही मात्र करत नाही. मुलगी म्हणते, व्हिसामुळे. हे खरे आहे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःचे नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांच्या बळावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. परदेशी मुली मात्र बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात आणि त्यावर आवाराबाहेर काम करून पैसे घेता येत नाहीत. आवारातले कामसुद्धा सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या आतच करावे लागते. बुटांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी अर्धा तास कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हे सरकारच्या लेखी काम ठरू शकते आणि व्हिसा गेला तर शिक्षण आणि खेळ दोन्ही जातात. त्यामुळे काही परदेशी खेळाडू संघ अमेरिकेबाहेर दौऱ्यावर गेला असताना चित्रीकरण उरकतात, काही सुटीत मायदेशी असतानाच करार करतात आणि बाकीच्या गप्प बसतात. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतची (२०२५-२६ मध्ये सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर) रक्कम थेट खेळाडूंत वाटू शकतात, पण तिथेही विद्यार्थी व्हिसावरच्या मुलींचे नाव आले की विद्यापीठांचे वकील सावध होतात.

एक बारीक बाब आपल्या मुलीला कदाचित ठाऊक नसेल. शिष्यवृत्तीतला शिक्षणशुल्काचा आणि पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, पण राहण्या-जेवणाचा भाग परदेशी विद्यार्थ्याचे उत्पन्न मानला जातो आणि त्यावर साधारणपणे १४ टक्के कर कापला जातो. काही देशांच्या करारांमुळे यात सूट मिळते. मुलीच्या हाती रोख पैसा पडलेला नसतो, ती जेवते आणि झोपते तेवढेच, तरी त्याचा कर मात्र द्यावा लागतो. पहिल्या वर्षी हा हिशेब कागदावर पाहून अनेक घरांत युरोप आणि अमेरिका यांच्यात मध्यरात्रीचे फोन होतात.

शिक्षण संपल्यावरही व्हिसा पाठ सोडत नाही. नाशिकच्या वाचकांनी विचारलेल्या निका म्यूलने कनेक्टिकटमध्ये संघाच्या इतिहासातला सर्वाधिक असिस्टचा विक्रम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये सिॲटल स्टॉर्म या डब्ल्यूएनबीए संघाने तिला निवडले. पण विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक सामना खेळता येत नाही, म्हणून कामाचा व्हिसा हाती येईपर्यंत हंगामाचे पहिले सामने तिला बाहेर बसून पाहावे लागले.

प्रश्न : मी शालेय मुलींना बास्केटबॉल शिकवतो. युरोपात शिकलेल्या खेळाडूला अमेरिकी कॉलेजात गेल्यावर नियमांत कोणते फरक जाणवतात? (एक प्रशिक्षक, पुणे)

उत्तर : पूर्वी जाणवत तेवढे आता जाणवत नाहीत. २०१५-१६ पासून मुलींच्या कॉलेज सामन्यातही दहा-दहा मिनिटांचे चार भाग झाले आणि २०२१-२२ पासून तीन गुणांची रेघही आंतरराष्ट्रीय अंतरावर, म्हणजे ६.७५ मीटरवर आली. उरलेल्या फरकांत मोठा फरक घड्याळाचा आहे. आपण शिकवता त्या फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत चाल पूर्ण करायला २४ सेकंद मिळतात, तिथे ३० मिळतात. चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायला इथे आठ, तिथे दहा. सहा सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण युरोपातली पॉइंट गार्ड पहिला स्क्रीन (बचाव करणारीच्या वाटेत सहकारी खेळाडूने उभे राहणे) लागताच निर्णय घेण्याच्या घाईत वाढलेली असते आणि कॉलेजचे प्रशिक्षक तिला बाजूवरून ओरडून सांगत असतात की चेंडू फिरव, दुसरी बाजू बघ, अजून वेळ आहे.

टोपलीखालची रंगवलेली पट्टी अमेरिकी कॉलेजात बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर रुंद असते, फीबात ती ४.९ मीटर असते. त्यामुळे उंच खेळाडूला टोपलीच्या अधिक जवळ ठाण मांडता येते आणि तिथली धक्काबुक्की वाढते. लांबून नेम धरणाऱ्या, चेंडू हाताळणाऱ्या युरोपी सेंटरला (टोपलीजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) पहिले काही महिने हे अंगावर येते.

आणखी एक बारकावा मैदानाच्या कडेला बसल्याशिवाय दिसत नाही. फीबाच्या नियमांत टाइम-आउट फक्त प्रशिक्षक मागतो आणि तोही खेळ थांबलेला असताना. अमेरिकी कॉलेजात मैदानावरची खेळाडूसुद्धा चालू खेळात, चेंडू ताब्यात असेल तर, टाइम-आउट मागू शकते. नवी आलेली मुलगी कोपऱ्यात दोघींच्या कचाट्यात सापडते, मान वळवून बाकाकडे पाहते आणि तेवढ्यात चेंडू हिसकावला जातो. पलीकडून धावत येणारी तिची अमेरिकी सहकारी दोन्ही तळव्यांचा इंग्रजी ‘टी’ करून दाखवत असते, म्हणजे अगं, माग ना!

प्रश्न : मुलीला दहा वर्षे घडवणाऱ्या युरोपी क्लबाला तिच्या जाण्याबद्दल काही मोबदला मिळतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : बहुतेक वेळा नाही. क्लब-क्लबांमधल्या व्यवहाराला फीबाची चौकट आहे, पण अमेरिकी कॉलेजे त्या चौकटीबाहेर आहेत. शिवाय राष्ट्रीय संघांनाही झळ बसते, कारण युरोपी अजिंक्यपदाचे पात्रता सामने नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत होतात आणि तो ऐन कॉलेज हंगाम असतो. क्लबांची तक्रार मला रास्त वाटते, मात्र त्याच क्लबांनी मुलींच्या शिक्षणाची सोय लावली असती तर तक्रारीला अधिक वजन आले असते.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, जिल्हा संघातून खेळते. युरोपातल्या मुलींची ही वाट आपल्या मुलींना खुली आहे का? एका मध्यस्थाने ‘शिष्यवृत्ती मिळवून देतो’ म्हणून पैसे मागितले आहेत. (एक पालक, ठाणे)

उत्तर : वाट खुली आहे आणि काही जणी तिच्यावरून गेल्याही आहेत. पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठाकडून खेळली, बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून. मात्र युरोपातल्या मुलींना जे आपोआप मिळते ते आपल्या मुलींना मिळत नाही. युरोपात दर उन्हाळ्यात सोळा, अठरा आणि वीस वर्षांखालील अजिंक्यपदाच्या स्पर्धा होतात आणि अमेरिकी प्रशिक्षक तिथे वही घेऊन बसलेले असतात. आपल्या जिल्हा स्पर्धेला तसे कुणी येत नाही. त्यामुळे सामन्यांचे सलग, न कापलेले चित्रीकरण जमवा. निवडक बास्केटची चकचकीत फीत सगळेच पाठवतात. चेंडू गमावल्यावर मुलगी परत धावते की नाही, हे प्रशिक्षकाला पाहायचे असते.

कागदपत्रांची सुरुवात आजपासूनच करा. एनसीएएचे पात्रता केंद्र नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण तपासते आणि वरच्या विभागासाठी ठरावीक सोळा मुख्य विषय मोजते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि नववी-अकरावीच्या रद्दीत जातात. त्या चारही मूळ स्वरूपात, शाळेच्या शिक्क्यासह ठेवा. मुलीला कुठल्या संघाकडून मानधन मिळाले तर त्याचीही नोंद ठेवा. तुर्कस्तानचा एनेस कँटर हा पुरुष खेळाडू २०१० मध्ये केंटकी विद्यापीठात दाखल झाला, पण आधीच्या क्लबाने खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर जास्त दिले होते म्हणून एनसीएएने त्याला अपात्र ठरवले. आता ते नियम सैल होत आहेत, तरी हिशेब मागितला जातोच.

मध्यस्थाबद्दल : चित्रीकरण, पत्रव्यवहार, अर्ज भरणे अशा कामांसाठी ठरलेली फी घेणे नियमबाह्य नाही, पण शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी घेणे किंवा ‘जागा मिळाली तरच पैसे’ असा सौदा करणे एनसीएएच्या नियमांत बसत नाही. त्याने आपल्याला दिलेला कागद पुन्हा वाचा. त्यात टक्का किंवा अशी अट दिसली तर सही करू नका. पकडले गेले तर पात्रता जाते ती मुलीची, मध्यस्थ दुसरे गिऱ्हाईक शोधायला मोकळा असतो.